जुन्या स्पोर्ट्स गाडीचे सस्पेंशन बुश : पारख, निवड आणि बदल

जुनी गाडी सरळ रस्त्यावर एका रेषेत राहीनाशी झाली, खड्ड्यातून जाताना पुढच्या चाकाजवळ कोरडा ‘टक’ असा आवाज येऊ लागला किंवा ब्रेक दाबताच स्टिअरिंग हलकेच एका बाजूला ओढले जाऊ लागले, की आपल्याकडे पहिला संशय शॉकअपवर घेतला जातो आणि दुसरा टायरवर. दोन्ही बदलून झाल्यावरही आवाज तसाच राहतो, तेव्हा कुठे चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या आर्मच्या टोकाशी बसलेल्या, मुठीत मावणाऱ्या रबरी बुशकडे लक्ष जाते. चाळीस-पन्नास वर्षांच्या स्पोर्ट्स गाडीत हा क्रम खरे तर उलटा असावा. कारण शॉकअप आणि टायर आधीच्या मालकांपैकी कुणीतरी बदललेले असतात, बुश मात्र पुष्कळदा कारखान्यातून आले तेच असतात.

पुढील विवेचनातील उदाहरणे ट्रायम्फ स्पिटफायरची आणि तिच्याच घराण्यातल्या हेराल्डची आहेत. हेराल्ड १९५९ साली इंग्लंडमध्ये आली, आणि तिचीच चेसिस आखूड करून १९६२ साली स्पिटफायर ही दोन आसनांची उघडी गाडी काढण्यात आली. १९६१पासून स्टँडर्ड हेराल्ड मद्रासला तयार होऊ लागल्यामुळे या घराण्याची हाडे-पेरी ओळखणारे जुने मिस्त्री आपल्या देशात अजूनही आढळतात. दोन्ही गाड्यांना पुढे वर-खाली दोन आर्म, त्यांच्या मधोमध स्प्रिंग आणि शॉकअप, तर मागे आडवा पाटा (पट्ट्यांची स्प्रिंग) आणि झुलता आस अशी रचना आहे. (त्यानंतर आलेल्या स्टँडर्ड गॅझेलला मागे सरळ, अखंड आस आहे, तिच्या मालकांनी मागच्या भागाचे वर्णन सोडून द्यावे.) गाडी दुसऱ्या घराण्यातली असली तरी बुशची पारख, निवड आणि ते कसण्याची रीत हीच राहते.

बुश काम कसे करतो, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात. रबरी बुशच्या मध्यभागी पोलादी नळी असते आणि तिच्याभोवती रबर घट्ट चिकटवलेले असते. काही बुशना बाहेरूनही पातळ पोलादी नळी असते, तर काहींचे रबर थेट आर्मच्या भोकात दाबून बसवलेले असते. बोल्ट आवळला की आतली नळी चेसिसवरच्या ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये चिमटली जाते आणि फिरत नाही. बाहेरचा पृष्ठभाग आर्मला धरून राहतो, तोही फिरत नाही. चाक वर-खाली होते तेव्हा या दोहोंमधले रबर पिळले जाते आणि पुन्हा मूळ जागी येते. म्हणजे रबरी बुश हा बेअरिंग नसून पिळाची एक लहानशी स्प्रिंग आहे. त्यात काहीही घासत नाही, म्हणून त्याला वंगण लागत नाही. आणि त्याला ‘मधली स्थिती’ असते, म्हणून तो कोणत्या स्थितीत कसला गेला याला महत्त्व येते.

खराब कोणता, हे आधी ठरवावे

सगळा संच मागवण्याआधी कोणते बुश खरोखर गेले आहेत ते पाहावे. या गाड्यांचे बॉनेट पूर्ण पुढे उलटते, त्यामुळे पुढच्या टायरवर बसून सस्पेंशन न्याहाळता येते. इतकी सोय आजच्या गाड्यांत मिळत नाही. चाके जमिनीवर असताना आर्म आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये लांब टॉमी (लोखंडी दांडा) घालून हलकेच रेटावी. निरोगी बुश थोडा दबतो आणि लगेच परत येतो. गेलेला बुश दबतो आणि तसाच राहतो, किंवा आतली नळी रबरापासून सुटी होऊन वेगळी हललेली दिसते. नळी भोकाच्या मध्यावर नसून एका कडेला सरकली असेल तर आणखी तपासण्याची गरज उरत नाही.

रबरावर वरवर बारीक भेगा दिसल्या म्हणून बुश बाद ठरवू नये. उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने रबराची कातडी तडकते, आणि आपल्या उन्हात तर ती लवकरच तडकते. आतले रबर त्या वेळी पुष्कळदा शाबूत असते. रबर धातूपासून सुटले आहे का, ते तेलाने फुगून मऊ लिबलिबीत झाले आहे का, की वाळून नखाने ठिसूळ तुकडे पडू लागले आहेत, हे पाहायचे असते. तेलाने फुगलेले रबर या घराण्यात सर्वाधिक आढळते ते स्टिअरिंग रॅकच्या (स्टिअरिंगची फिरकी चाकांकडे नेणाऱ्या दातेरी दांड्याच्या) पकडीत, कारण इंजिनातून झिरपणारे तेल बरोबर तिथे उतरते. रॅक आपल्या पकडीत डावी-उजवीकडे सरकू लागला की गाडी भरकटते आणि दोष मात्र आर्मच्या बुशवर येतो.

बुशचा खडखडाट आणि इतर सांध्यांचा खडखडाट वेगळा ओळखता यायला हवा. चाक उचलून वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवत असेल, तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर तो चाकाच्या बेअरिंगचा असतो. तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा खालचा ट्रनियन तपासावा. ट्रनियन म्हणजे पुढच्या उभ्या दांड्याच्या खालच्या टोकाचा पितळी सांधा, ज्यात दांडा आट्यांवर फिरतो. त्यात गिअरचे ९० नंबरचे तेल घालायचे असते, ग्रीस नव्हे. ग्रीस कालांतराने घट्ट होऊन तेलाची वाट अडवते, आत पाणी साचते, पोलादी दांड्याचे आटे गंजतात आणि एक दिवस दांडा तिथेच तुटून चाक आडवे होते. हा विषय बुशचा नाही हे खरे. पण बुश बदलताना तो सांधा हातात येतोच, आणि आपल्याकडच्या गॅरेजमध्ये निपल दिसला की ग्रीसगन लावण्याची सवय इतकी पक्की आहे, की हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे वाटत नाही.

रबर की पॉलियुरेथेन

हा प्रश्न प्रत्येक मालकासमोर येतो आणि बाजारातली जाहिरातबाजी पॉलियुरेथेनच्या बाजूने झुकलेली आहे. पॉलियुरेथेन तेलाने फुगत नाही, ओझोनने तडकत नाही, रबरापेक्षा ताठ असते आणि ते बसवायला प्रेस क्वचितच लागते, कारण ते बहुधा दोन अर्ध्या तुकड्यांत येते आणि पोलादी नळी नंतर आत सरकवता येते. स्टिअरिंगला मिळणारा प्रतिसाद त्याने नेमका होतो, यातही शंका नाही.

मात्र पॉलियुरेथेनचा बुश रबरासारखा पिळला जात नाही. तो आतल्या नळीवर फिरतो, म्हणजे घासतो. घासणाऱ्या प्रत्येक पृष्ठभागाला वंगण लागते, आणि बंडीच्या आसाला वंगण न घालता हंगाम काढल्यावर जे होते तेच कोरड्या पॉलियुरेथेनचे होते : आधी करकर, मग झीज. त्यात आपला रस्ता. विदर्भात वणी, आर्णी, दारव्हा किंवा हिंगणघाट या बाजूला डांबरी रस्ता सोडून शेताच्या पांदणीला गाडी लागली की उन्हाळ्यात पिठासारखी धूळ आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, यांतून सुटका नसते. बुशच्या कडेने आत शिरलेली ही धूळ ग्रीसमध्ये मिसळली की तिचा घासण्याचा मलम होतो आणि तो पोलादी नळी हळूहळू खात जातो. इंग्लंडमधला मालक, ज्याची गाडी वर्षातले कित्येक महिने छताखाली झाकून ठेवलेली असते, त्याचा अनुभव इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

दुसरी मर्यादा हालचालीच्या दिशेची आहे. पुढच्या आर्मची आतली टोके एकाच अक्षाभोवती फिरतात. तिथे पॉलियुरेथेन चालते. पण मागच्या बाजूला चाकाच्या उभ्या दांड्यापासून पुढे येणारी जी लांब रेडियस आर्म असते, तिला वर-खाली होताना थोडे आडवे तिरपेही व्हावे लागते, कारण झुलत्या आसाचे चाक एका कमानीत फिरते आणि रेडियस आर्म वेगळ्या कमानीत. रबर ही तिरपी हालचाल सहज गिळते. कडक बुश ती अडवतो, आणि अडवलेला जोर शेवटी ब्रॅकेटवर व ते ज्या पत्र्याला बसते त्या पत्र्यावर जातो. जुन्या गाडीत तो पत्रा आतून गंजून पातळ झालेला असण्याची शक्यता मोठी असते.

म्हणून माझा कौल असा आहे : पुढच्या आर्मना आणि रेडियस आर्मना दर्जेदार रबर, पाट्याच्या टोकाला रबर, स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी फार कलू न देणाऱ्या दांड्याच्या) पकडींना पॉलियुरेथेन आणि तेल गळणाऱ्या इंजिनाखालच्या रॅकच्या पकडींनाही पॉलियुरेथेन. गाडी केवळ शर्यतीच्या बंद ट्रॅकवर न्यायची असेल तर हे गणित बदलेल. पण तशी गाडी ठेवणारा माणूस बुश बदलायला अशा मार्गदर्शनाची वाट पाहत बसत नाही. एकाच आर्मच्या दोन टोकांपैकी एका टोकाला रबर आणि दुसऱ्या टोकाला पॉलियुरेथेन असे मात्र करू नये. एक टोक पिळाला विरोध करते आणि दुसरे करत नाही, एक दबते आणि दुसरे दबत नाही. परिणामी ब्रेक लावताना आर्म किंचित तिरपी होते.

पॉलियुरेथेन घेताना रंगावर विसंबू नये. लाल म्हणजे कडक आणि पिवळा म्हणजे मऊ असे कुठलेही सर्वमान्य ठरलेले नाही. प्रत्येक कारखान्याचे रंग वेगळे असतात. कडकपणा सांगणाऱ्या शोअर ए मापातला आकडा विचारावा. कारखान्याचे मूळ रबर साधारण ५५ ते ६५च्या आसपास असते. पॉलियुरेथेनमध्ये ७० ते ८० हा आकडा रस्त्यावरच्या गाडीला पुरे होतो, आणि ९५चा बुश रस्त्यावरचा प्रत्येक खडा पाठीच्या मणक्यापर्यंत पोहोचवतो.

तिसरा पर्याय आपल्याकडे हमखास सुचवला जातो, तो म्हणजे लेथवर नायलॉनच्या गोल दांड्यातून बुश काढून घेण्याचा. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांची दुरुस्ती करणारे आपल्याकडचे लेथवाले हाताने कुशल आहेत आणि माप अचूक धरतात, याविषयी दुमत नाही. परंतु नायलॉन दबत नाही, त्यामुळे खड्ड्याचा धक्का तसाच चेसिसमध्ये जातो. शिवाय नायलॉन पाणी शोषून फुगतो, आणि जूनमध्ये सहज फिरणारा बुश ऑगस्टमध्ये नळीला आवळून बसू शकतो. ट्रनियनच्या आडव्या बोल्टवर मुळातच नायलॉनचे बुश आहेत, तेवढ्यापुरता नायलॉन योग्य. आर्मच्या आतल्या टोकाला नको. ट्रकच्या टायरमधून किंवा गिरणीच्या पट्ट्यातून रबर कापून बसवण्याची युक्ती तर गाडी गावापर्यंत ओढून आणण्याइतकीच कामाची आहे.

विकत घेताना

रबराला वय असते आणि ते डब्यातही वाढते. ‘जुना, न वापरलेला, मूळ कंपनीचा’ म्हणून तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा बुश कुणी मोठ्या किमतीला देऊ लागले तर तो नम्रपणे नाकारावा. उलट बाजूला, नव्याने तयार होणाऱ्या स्वस्त नकलांमध्ये रबर हलके असते आणि त्याची धातूवरची पकड कच्ची असते. बुश हातात आल्यावर रबर आणि नळी यांच्या सांध्यावर नखाने कड उचलून पाहावी; कड उचलली गेली तर तो परत करावा. रबर दाबून सोडल्यावर ठसा लगेच नाहीसा झाला पाहिजे.

याहून महत्त्वाचे माप म्हणजे आतल्या नळीची लांबी. नळी आर्मच्या भोकाच्या रुंदीपेक्षा लांब आणि ब्रॅकेटच्या दोन कानांमधल्या अंतराला जुळणारी असली पाहिजे, म्हणजे बोल्ट आवळल्यावर कान नळीला घट्ट चिमटतील. नळी आखूड असेल तर कान आत वाकतात, नळी मोकळी राहून बोल्टवर फिरू लागते आणि बोल्ट करवतीने कापल्यासारखा झिजतो. जुना बुश शाबूत निघाला तर व्हर्निअरने त्याच्याशी ताडून पाहावे. हेराल्ड आणि स्पिटफायर यांचे पुढचे बुश पुष्कळ अंशी एकसारखे असले तरी निरनिराळ्या वर्षांच्या गाड्यांत फरक झालेले आहेत, तेव्हा मापल्यावाचून बसवू नये. बुशसोबत नवे नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे आपोआप सैल न होणारे) मागवावेत. एकदा काढलेला नायलॉक पुन्हा वापरणे योग्य नाही.

हत्यारे आणि जागा

या गाड्यांचे बोल्ट मिलिमीटरचे नाहीत, इंचाचे आहेत. अर्ध्या इंचाच्या, म्हणजे चार सुती (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) नटावर १३ नंबरचा पाना बसतो असे वाटते, पण तो नट १२.७ मिलिमीटरचा असतो. गंजलेला नट त्या पान्याने गोल झाला की अर्धा दिवस गेला म्हणून समजावे. साडेतीन, चार आणि साडेचार सुती रिंग पाने व सॉकेट जवळ असावेत. गावात हे कुठे मिळणार, असे वाटत असेल तर जुन्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरवर हात बसलेला मिस्त्री शोधावा. त्याच्या पेटीत इंचाचे पाने हमखास निघतात. आटेही इंचाचेच असल्याने हरवलेल्या बोल्टच्या जागी मिलिमीटरचा बोल्ट ठोकून बसवण्याचा मोह टाळावा.

बाकी साहित्य साधे आहे : दोन भक्कम स्टँड, जॅक, मोठा शेगडा (व्हाइस), हातोडा, सुंभा (पंच), हॅक्सॉ, व्हर्निअर आणि टॉर्क रेंच. जुन्या पुस्तकातला टॉर्क फूट-पौंडांत असतो, त्याला १.३६ने गुणले की न्यूटन-मीटर मिळतात.

जागा निवडताना काळ्या मातीवर विश्वास ठेवू नये. उन्हाळ्यात ती दगडासारखी टणक दिसते, पण पृष्ठभागाखाली भेगा असतात आणि जॅकचा लहान तळवा त्या भेगेच्या कडेवर आला की कडा खचते. फरशी किंवा काँक्रीटचा ओटा नसेल तर जॅक आणि स्टँड दोहोंखाली किमान दीड-दोन इंच जाडीची सागवानी किंवा बाभळीची फळी घालावी. विटांच्या थरावर गाडी कधीही ठेवू नये. वीट आधी कुरकुरत नाही, एकदम फुटते. हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या, थंड दिवसांत काढलेले उत्तम. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेल्यावर उन्हात पडलेला पाना हाती धरवत नाही, आणि अशा वेळी माणूस शेवटचे दोन बोल्ट घाईने कसतो.

उतरवणे आणि बसवणे

गाडी उचलण्याआधी, ती सपाट जागी उभी असताना, प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. शेवटच्या टप्प्यात हे चार आकडे उपयोगी पडतात. सर्व बोल्टवर गंज मोकळा करणारे तेल आदल्या दिवशीच सोडावे.

एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते. पुढची स्प्रिंग आणि शॉकअप हा एकच जोड असतो. तो वरच्या टोकाला तीन नटांनी चेसिसच्या बुरुजाला आणि खाली एका बोल्टने आर्मला धरलेला असतो. हे तीन नट आणि खालचा बोल्ट काढून अख्खा जोड बाहेर घ्यावा. तीन नटांच्या मधोमध असलेला शॉकअपच्या दांड्याचा नट मात्र हात लावण्याचा नाही : दाबलेली स्प्रिंग त्यानेच धरून ठेवलेली असते आणि तो सुटला तर ती जीवघेण्या जोराने उसळते. ब्रेकचा भाग तारेने वर बांधून ठेवावा, म्हणजे त्याचे वजन रबरी पाइपवर येणार नाही.

खालच्या आर्मची ब्रॅकेट चेसिसवरून सोडवताना तिच्या मागे पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) आढळतील. चाकाचा तिरपेपणा, म्हणजे कॅम्बर, याच शिमनी ठरवलेला असतो. पुढच्या ब्रॅकेटमागे किती आणि मागच्या ब्रॅकेटमागे किती हे लिहून, त्या-त्या बोल्टवर ओवून ठेवाव्यात. मागच्या रेडियस आर्मच्या पुढच्या ब्रॅकेटलाही अशाच शिम असतात आणि त्या मागच्या चाकाची दिशा ठरवतात. त्याही तशाच जपाव्यात. मागची बाजू उघडताना आणखी एक काळजी घ्यावी लागते : चाक किती खाली लोंबावे याची मर्यादा तिथे शॉकअपच ठेवतो, म्हणून शॉकअपचा बोल्ट काढण्याआधी उभ्या दांड्याखाली जॅक लावून भार घ्यावा आणि नंतर तो सावकाश उतरवावा.

जुना बुश काढणे हे या कामातले सर्वांत कंटाळवाणे अंग आहे. बाहेरची नळी नसलेला बुश असेल तर रबरात ड्रिलने भोके पाडून आतली नळी सुंभ्याने ठोकून काढावी आणि उरलेले रबर सुरीने खरवडावे. बाहेरची नळी असेल तर हॅक्सॉचे पाते भोकातून ओवून तिला आतून एक चीर द्यावी, म्हणजे ती आक्रसून ढिली होते. चीर आर्मच्या धातूपर्यंत जाऊ देऊ नये. गॅसच्या नळीने रबर जाळून काढण्याची प्रथा अनेक गॅरेजांत आहे. तिने वेळ वाचतो हे मान्य, पण धूर विषारी असतो, पत्र्याच्या आर्मचा रंग करपतो आणि उघड्या पडलेल्या धातूला पहिल्याच पावसात गंज धरतो. आर्म सुटी झालेलीच आहे तर तिच्या भोकांभोवती आणि वेल्डिंगच्या रेषेवर तडे आहेत का ते पाहून, गंज घासून, रंग देऊन घ्यावा.

नवा बुश घालण्यापूर्वी भोक पॉलिश पेपरने गुळगुळीत करून कडेची धार मोडावी. रबराला साबणाचे दाट पाणी किंवा ग्लिसरीन लावावे. इंजिन ऑइल, ग्रीस, डिझेल यांचे बोटही रबराला लागू नये, कारण नैसर्गिक रबर खनिज तेलाने फुगते आणि आज सोपे केलेले काम वर्षभरात पुन्हा दारात येऊन उभे राहते. बुश शेगड्यात धरून, एका बाजूला त्याच्या बाहेरच्या कडेएवढा सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला तो आत शिरू शकेल असा मोठा सॉकेट किंवा पाइपचा तुकडा ठेवून सावकाश दाबावा. पहिले काही मिलिमीटर तो सरळ जातो आहे की तिरपा, याकडेच लक्ष असावे. बाहेरच्या नळीवर दाब द्यायचा असतो, आतल्या नळीवर नव्हे. शेगडा अपुरा पडल्यास ट्रॅक्टरचे बेअरिंग बसवणाऱ्या कुठल्याही गॅरेजमधला प्रेस चालतो. बाहेरची पोलादी नळी असलेला बुश रात्रभर फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास थोडी मदत होते. ४० मिलिमीटर व्यासाची नळी साठ अंशांच्या फरकाने जेमतेम ०.०३ मिलिमीटर आक्रसते, पण घट्ट बसणीत तेवढेही जाणवते. हातोड्याने ठोकून बुश बसवू नये.

पॉलियुरेथेन जिथे घालायचे तिथे संचासोबत येणारे दाट, चिकट ग्रीस नळीच्या बाहेर आणि बुशच्या दोन्ही तोंडांना सढळ हाताने लावावे. साधे चाकाचे ग्रीस पाण्याने धुऊन जाते. बोल्टच्या दांड्यावर मात्र, रबर कोणतेही असो, तांब्याच्या ग्रीसचा पातळ हात फिरवावा. पुढच्या वेळी बोल्ट नळीत गंजून अडकलेला असणार नाही.

कसण्याची वेळ

जोडणी करताना सगळे बोल्ट हाताने बसतील इतकेच फिरवावेत. आर्म लोंबत असताना ते पूर्ण कसू नयेत. गाडी स्टँडवर असताना चाक आपल्या सर्वांत खालच्या स्थितीत असते. तेव्हा बोल्ट कसला की बुशची ‘मधली स्थिती’ तीच ठरते. गाडी जमिनीवर उतरताच आर्म वर येते आणि बुश उभ्या जागीच पिळलेला राहतो. मग प्रत्येक खड्ड्यात तो आणखी पिळला जातो, गाडी किंचित उंच उभी राहते आणि रबर काही महिन्यांतच नळीपासून फाटते. नवे बुश वर्षभरही टिकले नाहीत अशी तक्रार जिथे-जिथे ऐकू येते, तिथे रबराच्या दर्जाइतकाच हा दोष शोधावा. हे सांगितल्यावर एका मिस्त्र्याने मला विचारले होते, “भाऊ, बोल्ट वर कसला काय न् खाली कसला काय, काय फरक पडते जी?” त्याचा प्रश्न गैर नव्हता. बेअरिंगला काही फरक पडत नाही, आणि त्याचा सगळा हात बेअरिंगवर बसलेला होता.

तेव्हा चाके लावून गाडी खाली उतरवावी. पुढे-मागे दोन-तीन गाड्यांची लांबी भरेल इतकी ढकलावी, म्हणजे उतरवताना आत दाबले गेलेले टायर आपल्या रुंदीवर येतात. चारही कोपरे हाताने दाबून सोडावेत. पेट्रोलची टाकी निदान अर्धी भरलेली असावी आणि चालकाच्या आसनावर त्याच्या वजनाइतकी धान्याची किंवा सरकीची पोती ठेवावीत. आता सुरुवातीला लिहून ठेवलेल्या चार आकड्यांशी उंची ताडून पाहावी. पुढचे बुश बॉनेट उलटून टायरच्या बाजूने कसता येतात. मागच्यांसाठी गाडीखाली जावे लागते, म्हणून चारही चाके सारख्या उंचीच्या जाड फळ्यांवर चढवलेली असावीत किंवा गॅरेजच्या खड्ड्यावर हे काम करावे. ज्यांच्याकडे खड्डा नाही त्यांनी चाक काढून, गाडी स्टँडवर ठेवूनच, उभ्या दांड्याखाली जॅक लावून तो वर घ्यावा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचे अंतर लिहिलेल्या आकड्याइतके झाले की कसावे. मात्र गाडी स्टँडवरून उचलली जाऊ लागली तर तिथेच थांबावे. पॉलियुरेथेनचे बुश नळीवर फिरत असल्याने त्यांना ही अट नाही, पण सवय म्हणून तेही जमिनीवरच कसलेले बरे. ट्रनियनच्या बोल्टचा टॉर्क पुस्तकाप्रमाणे द्यावा आणि सांधा हाताने फिरतो याची खात्री करावी.

नंतरची तपासणी

बुश बदलल्यावर चाकांची दिशा बदललेली असतेच, कारण जुने बुश एका बाजूला बसून आर्म सरकलेली होती. अलाइनमेंटचे यंत्र तालुक्याला नसेल तर अमरावती, यवतमाळ किंवा नागपूर गाठावे लागते. तेवढे अंतर टायर न झिजवता जाण्यासाठी दोऱ्याचा आधार घ्यावा. गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकांच्या मध्याच्या उंचीवर, एकमेकांना समांतर दोरे ताणावेत आणि पुढच्या चाकाच्या रिमची पुढची व मागची कड दोऱ्यापासून किती दूर आहे ते मोजावे. फरक पुस्तकातल्या आकड्याच्या आसपास आणला की शहरापर्यंतची सोय होते.

यंत्रावर गेल्यावर कारागिराला दोन गोष्टी आधीच सांगाव्यात : मोजमापाच्या वेळी चालकाच्या जागी वजन हवे, आणि या गाडीत कॅम्बर चेसिसवरच्या शिमनी ठरतो, आर्म वाकवून नव्हे. पाचशे किलोमीटरनंतर सर्व बोल्टचा टॉर्क पुन्हा तपासावा आणि हा फेरही गाडी जमिनीवर उभी असतानाच करावा. पावसाळा संपल्यावर काळ्या मातीचे वाळलेले थर आर्मच्या खोबणीतून पाण्याने धुऊन काढावेत, कारण तो थर महिनोन् महिने ओल धरून ठेवतो आणि बोल्टच्या टोकांना गंज तिथूनच लागतो. धुताना डिझेलचा फवारा मात्र बुशकडे वळू देऊ नये.